सात वांव

“बारा,” हर्षाली म्हणाली.

“तेरा,” मी म्हटलं.

“मावशी, हे बांगडे नाहीत घासाघीस करायला.”

तिच्या डायव्हिंग सेंटरच्या पडवीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. मध्ये प्लॅस्टिकचं टेबल, टेबलावर चहाचे दोन पेले आणि मनगटावर बांधायचं एक काळं यंत्र. दिसायला घड्याळासारखं, पण घड्याळाच्या दुप्पट जाड. ही मुलं त्याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. आपण पाण्याखाली किती खोल आहोत, अजून किती वेळ राहिलेलं चालेल, वर येताना घाई तर होत नाही ना, एवढं सगळं ते सांगतं. आणि ठरवून दिलेल्या खोलीच्या पलीकडे माणूस गेला की पिपाणीसारखं वाजतं. आमचा वाद त्या पिपाणीवरून होता. ती बारा मीटरवर वाजावी की तेरा.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मी तेव्हा पासष्ट वर्षांची होते. कोल्हापूरच्या पोस्टातून निवृत्त होऊन देवबागला माहेरच्या घरी परत आले होते. हर्षाली माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवण्याचं तिचं काम. दिवसभर पुण्यामुंबईच्या लोकांशी बोलून तिची भाषा पुस्तकी झाली होती, पण राग आला की मालवणी बाहेर पडायची.

मला पाहायचा होता माझ्या वडिलांचा नांगर. पाण्याखालच्या खडकाला आमच्याकडे खडप म्हणतात. तशा एका खडपाच्या खाचेत बाबांचा लोखंडी नांगर अडकला आणि त्यांना दोर कापून यावं लागलं. मी तेव्हा नऊ वर्षांची. तो नांगर कुणी काढला नाही, कुणी पाहिलाही नाही. बाबा एवढंच सांगायचे, की तो सात वांवावर आहे.

दोन्ही हात आडवे ताणले की एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत जेवढं अंतर होतं, तो एक वांव. आमच्या माणसांनी दोर, जाळी आणि समुद्र, तिन्ही त्यातच मोजले. हर्षालीनं फोनवर पाहून हिशेब केला होता. वांव म्हणजे सहा फूट. सात वांव म्हणजे बेचाळीस फूट, म्हणजे बारा मीटर आणि वर जवळजवळ दोन हात. आणि माझ्यासारख्या नवशिक्या माणसाला बारा मीटरच्या खाली न्यायचं नाही, हा नियम.

“नियम मी केलेला नाही,” ती म्हणाली, “आणि मोडणारही मी नाही. माझं लायसन्स आहे. बारावर वाजलं की वर यायचं. समोर नांगर दिसत असला तरी.”

मी म्हटलं, दोन हातांनी काय होणार आहे? ती म्हणाली, प्रत्येक जण हेच म्हणतो.

शेवटी सौदा बारावर पटला. मी हरले होते, पण यंत्रात तो आकडा घालायचा मीच, कारण तिच्या सेंटरची तशी रीतच होती. ज्याच्या मनगटावर बांधायचं त्यानंच त्यात सगळं भरायचं. म्हणजे पाण्याखाली ते वाजलं की का वाजलं हे त्याला दुसऱ्यानं सांगावं लागत नाही.

आधी तिनं फोनवरून करू म्हटलं. फोनवर सगळं मोठ्या अक्षरांत दिसतं, तुला चष्मा लागणार नाही. फोननं यंत्र शोधलं, त्याचं नाव दाखवलं आणि जोडायच्या वेळी एक गोल नुसता फिरत राहिला. आम्ही दोघी त्या गोलाकडे बघत चहा प्यायलो. मग तिनं लॅपटॉप आणला. त्याची वायर खाऱ्या हवेनं टोकाला हिरवी पडली होती. तिनं ती सदऱ्याला पुसली, फुंकर मारली, आमच्या आईनं रेडिओच्या सेलना मारली असती तशी. काही झालं नाही.

“राहिली बटणं,” ती म्हणाली.

बटणं दोन. एक पुढे जायचं, एक पसंत करायचं. दाबून धरलं की आत शिरायचं, परत दाबून धरलं की बाहेर. बोट जरा रेंगाळलं की पुन्हा पहिल्यापासून. मी तीनदा बाहेर फेकली गेले. चौथ्यांदा तारीख आणि वेळ बसली. मग पाणी गोडं की खारं, ते विचारलं. त्याला काय फरक पडतो असं मी विचारलं, तर ती म्हणाली, खारं पाणी जड, यंत्राला खोली मोजताना ते माहीत असावं लागतं. मग माप आलं. आधी कुणी परदेशी पाहुण्यानं वापरलं असावं, त्यात फूट होते.

“राहू देत फूट,” मी म्हटलं. “नाहीतर वांव आहे का बघ त्यात.”

“मीटर आणि फूट. आजोबांचा वांव कंपनीला ठाऊक नाही,” असं म्हणून तिनं मला मीटर करायला लावलं.

त्यापुढे एक पान आलं, त्यात शून्य, एक, दोन असे आकडे. मला वाटलं वय विचारतंय.

“वय नाही विचारत,” ती म्हणाली. “सावध किती राहायचं ते विचारतंय. तू दोन घे. सगळ्यात सावध.”

मी दोन घेतलं. मग खोलीचा आकडा आला. तो बारावर आणताना ती माझ्या बोटाकडे बघत होती. मी बारा केले, बटण दाबून धरलं, यंत्र एकदा वाजलं. ते मनगटावर बांधून घरी जा, म्हणाली. उद्या सकाळपर्यंत हाताला सवय होईल.

घरी जाताना वाटेत लवू भेटला. लवू तांडेल माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याचा बाप बाबू तांडेल आणि माझे बाबा एका होडीवर होते, पुढे लवूही बाबांच्या हाताखाली तयार झाला. त्या खडपाच्या खुणा आता त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच्याच होडीनं जायचं होतं. तो जाळ्याची मोडलेली घरं सांधत बसला होता.

“काय गो सुगंधा, ह्या वयात ह्यां काय काढलंस?” तो म्हणाला. “लोका काशीक जातत, तू तळाक चललंस.”

मी त्याच्याजवळ टेकले. मनगटावरचं यंत्र त्यानं हातात घेऊन फिरवून पाहिलं. मग आम्ही दोर विकत घ्यायच्या दिवसांवर आलो. मालवणच्या बाजारात तेव्हा दोर वांवावर मिळायचा. दुकानदार आपल्या हातांनी मोजून देणार, आणि तो दुकानदार होता ठेंगणा. त्यामुळे गिऱ्हाईक आपल्याबरोबर लांब हातांचा माणूस घेऊन जायचं आणि मोजायचं तर याच्या हातांनी मोज म्हणून अडून बसायचं. वाडीत सगळ्यात लांब हात बाबू तांडेलचे. त्याला प्रत्येक जण न्यायचा, आणि तो प्रत्येकाकडून भज्यांची एक पुडी घ्यायचा. बाबा तर त्याच्याशिवाय बाजारात पाऊलच टाकत नसत. बाबांचा डावा हात कोपरात वाकडा होता. तरुणपणी माडावरून पडले, तो पुन्हा सरळ झाला नाही. दुकानदार म्हणायचा, धर्माजी, तूच मोज, मला परवडेल. आणि सगळं दुकान हसायचं.

लवू ते आठवून खूप हसला. मग हसणं ओसरल्यावर तो म्हणाला, की त्याचा बाप बाबांना नांगरावरून फार बोलायचा. मला ते सांगायची गरज नव्हती. मी ऐकतच मोठी झाले. किनाऱ्यावर, देवळात, लग्नाच्या पंगतीत, बाबू तांडेल मोठ्यानं विचारायचा, “काय धर्म्या, नांगर गावलो?” नवा कोरा नांगर, लोहाराकडून दुहेरी कडी करून घेतलेला, आणि हा हरवून आला. जरा वारा सुटला म्हणून. एकटा गेला असताना. त्या नांगराशिवाय बाबांनी पुढची किती वर्षं दोराला धोंडा बांधून काम चालवलं, त्यावरूनही बोलणी. बाबा हसायचे आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर द्यायचे.

“आसा थंय. सात वांवार आसा.”

घरी आल्यावर मी दिवा लावला, भात टाकला आणि भात होईपर्यंत यंत्र घेऊन बसले. बटणं आता बोटांना कळायला लागली होती. दाबून धरायचं, पुढे, पुढे, पुढे. बारा. माझं बोट बटणावरच होतं. एकदा दाबलं, तेरा झाले. पुन्हा दाबलं, चौदा. किती सोपं होतं. उद्या खाली गेल्यावर ते वाजणार नाही. हर्षालीच्या मनगटावर तिचं स्वतःचं यंत्र असेल, पण ती माझ्याकडे बघत असणार, आणि एक मीटर, दीड मीटर, तेवढ्यात मी हात लावून झालेला असेल. तिनं मला आठवडाभर खाडीच्या उथळ पाण्यात शिकवलं होतं. कुडाळच्या डॉक्टरनं छाती तपासून कागद दिला होता. मला भीती नव्हती. मला फक्त तो नांगर चुकवायचा नव्हता, कारण पुन्हा अशी सकाळ येईल असं वय नव्हतं.

चौदाचा आकडा मी बराच वेळ पाहिला. आणि मला बाबांचा हात आठवला, कोयती धरलेला. दोर ताणलेला होता आणि त्यांनी एकदाही दुसरा विचार केला नव्हता.

भाताला उकळी येऊन झाकण वाजायला लागलं. मी उठून गॅस बारीक केला, परत येऊन बसले आणि आकडा बारावर आणला.

सकाळी सेंटरवर गेले तेव्हा हर्षाली सिलिंडर होडीत चढवून घेत होती. माझा हात तिनं ओढून घेतला, खिशातून फोन काढला, आणि काल दोन पेले चहा पिऊन जो जोडला गेला नव्हता तो फोन त्या यंत्राला लगेच जोडला गेला. सगळी पानं तिच्या फोनवर आली. तिनं एकेक करून पाहिली. खारं पाणी. मीटर. सावध, दोन. बारा.

“मला वाटलं होतं वाढवशील,” ती फोनकडे बघतच म्हणाली.

“वाढवला होता.”

तिनं मान वर केली. माझ्या मनगटावरचा पट्टा एक घर घट्ट केला आणि होडीकडे चालायला लागली.

दर्या त्या दिवशी तेलासारखा होता. ओहोटी लागलेली. लवूनं मशीन हळू केलं आणि खुणा शोधायला लागला. एका बाजूला देवळाचा कळस दोन माडांच्या मध्ये यायला हवा, दुसऱ्या बाजूला किल्ल्याचा बुरूज डोंगराच्या खिंडीत बसायला हवा. दोन्ही एकदम बसले की खाली खडप. त्या दोन माडांतला एक कधीच पडला होता. त्याच्या जागी कुणाच्या तरी बंगल्याची पाण्याची टाकी होती, आणि लवू त्या टाकीला माडच म्हणत होता.

“हयसर,” तो म्हणाला आणि आपला नांगर सोडला.

हर्षाली आधी एकटी खाली जाऊन आली. मी होडीच्या काठाला धरून बुडबुडे बघत बसले. वर येऊन तिनं तोंडातली नळी काढली आणि सांगितलं, की खडप आहे, माथा वरच आहे, एका बाजूनं उतार खाली जातो, पाणी स्वच्छ आहे. नांगर तिनं शोधला नव्हता. तो शोधायचा तर तुझ्याबरोबर, म्हणाली. उताराकडेनं हळूहळू जाऊ. वाजेपर्यंत.

पाण्याखालचं वर्णन करायला बसले तर मला थांबता येणार नाही, म्हणून थोडंच सांगते. पहिल्यांदा कानांत दुखलं, नाक दाबून फुंकल्यावर थांबलं. मग माझ्याच श्वासाचा आवाज. खडपाचा माथा जवळ आला. त्यावर लहान लहान पिवळे मासे होते, माणसाला बघून ते पळाले नाहीत, जरा बाजूला सरले, पाहुण्याला वाट द्यावी तसे. हर्षालीनं माझा दंड धरला होता. दुसरा हात मी चेहऱ्यासमोर धरून आकडे बघत होते. सहा. सात. उतार सुरू झाला. आठ. इथे पाणी जरा गार झालं. नऊ. आता तीनच राहिले, असं मनात आलं. मी दोन्ही बाजूंनी खडक बघत होते, आणि खडक सगळीकडे सारखाच, शिंपल्यांनी मढलेला, खाचांनी भरलेला. दहा. मी मनात म्हटलं, आता वाजणार आणि संपणार. निदान त्याच्या वरपर्यंत आलो होतो, हे तरी मनाशी राहील.

तेवढ्यात हर्षालीनं माझा दंड दाबला.

एका खाचेत, आडवा, चार नख्यांचा. तीन नख्या खडकात, एक वर. लोखंड दिसतच नव्हतं, कालवांनी आणि कसल्याशा गुलाबी कवचानं तो झाकला गेला होता. पण दांड्याच्या टोकाला कडी होती, आणि ती दुहेरी होती. दोर मात्र कणभरही उरला नव्हता.

मी अंगठा वर करणार होते. बरं झालं, आठवण झाली. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे वर चल. मी बोटांचं वर्तुळ करून तिला दाखवलं. तिनं माझं मनगट हातात घेतलं, यंत्रावरचा आकडा पाहिला, मग स्वतःचं यंत्र पाहिलं, पुन्हा माझं पाहिलं. काचेआड तिचे डोळे मोठे झालेले दिसले. मी आकड्याकडे बघितलंच नाही. मी तळहात त्या कडीवर ठेवला. ती खरखरीत होती आणि वाटली होती तेवढी गार नव्हती.

पिपाणी वाजली नाही.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, यंत्राला माहीत होतं. हर्षालीनं अंगठा वर केला. आम्ही वर आलो, मध्ये एकदा थांबून, तिनं शिकवलं होतं तसं.

होडीच्या काठाशी लवूनं हात दिला. त्यानं मला वर ओढून घेतलं, आणि मी मुखवटा काढल्यावर त्याच्या तोंडून ते आपोआपच बाहेर पडलं असावं.

“गावलो?”

“गावलो,” मी म्हटलं.

मला वाटतं, आपण काय विचारलं आणि ते कुणाचं वाक्य होतं, हे त्याला तेव्हा कळलं.

हर्षालीचं लक्ष मात्र आकड्यांत होतं. ओल्या अंगानं ती दोन्ही यंत्रं मांडीवर घेऊन बसली होती. दोन्हीवर एकच आकडा. साडेदहा मीटर.

“मावशी, आजोबांचं माप चुकलं,” ती म्हणाली. “सात वांव नाहीत हे. सहासुद्धा भरत नाहीत.”

“सातच आहेत.”

“यंत्र खोटं बोलणार नाही. दोन-दोन यंत्रं. बरं, ओहोटी धर—”

“तेव्हाही ओहोटीच होती.”

“मग त्यांनी घाईत कमी-जास्त मोजलं असेल. एकटा माणूस, वर वारा. पुन्हा मोजून कोण बघतंय?”

“वारा नंतर सुटला. मोजलं तेव्हा पाणी असंच होतं. आणि सातच होते. मी मोजले होते.”

“तू?” ती म्हणाली. “तू कुठून मोजलेस?”

लवूनं मशीन सुरू करायला हात पुढे केला होता, तो तिथेच राहिला.

छप्पन वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. बाबा गेले, आई गेली, बाबू तांडेल गेला, तरी नाही.

“होडीतून,” मी म्हटलं.

आमच्या वाडीत तेव्हा बाईमाणूस मासेमारीच्या होडीवर पाय ठेवत नसे. लहान मुलगीसुद्धा नाही. आई बाळंतपणाला तिच्या माहेरी गेली होती, त्याच आठवड्यात हर्षालीची आई जन्मली. घरात मी आणि बाबा. बाबू तांडेल तापानं पडलेला, म्हणून बाबा एकटेच जवळपास गरी टाकायला निघाले होते. मला शेजारी ठेवणार होते. मी रडले. कशासाठी ते आठवत नाही, आई नव्हती म्हणूनच असेल. पहाटे किनाऱ्यावर कुणी नाही असं बघून त्यांनी मला उचललं आणि होडीत जाळ्याखाली झोपवलं. मोकळ्या पाण्यात गेल्यावर जाळं बाजूला केलं.

मला समुद्र असा वरून कधी दिसला नव्हता. खडपावर आल्यावर बाबांनी नांगर सोडला. दोर दोन्ही हातांत ताणायचा, सोडायचा, पुन्हा ताणायचा. “मोज माझ्यावांगडा,” ते म्हणाले. मी मोठ्यानं मोजलं. एक, दोन, तीन. सातव्याला दोर सैल पडला, नांगर टेकला. बाबा म्हणाले, शाबास, आता या होडीची तांडेल तू.

दुपारी ढग आले आणि वारा फिरला. नांगर खडपात असा बसला होता की निघेना. बाबांनी दोनदा ओढ दिली. होडीत पाणी यायला लागलं. मी पुढच्या फळीला धरून बसले होते, ओरडले नाही, पण त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. एकटे असते तर त्यांनी आणखी तासभर झगडून तो काढला असता, त्यांचा तो नवा नांगर होता. त्यांनी कोयती घेतली आणि एका घावात दोर कापला.

“नांगर दुसरो गावतलो,” एवढंच म्हणाले.

संध्याकाळी अंधार पडेपर्यंत आम्ही खाडीकाठच्या एका खाजणाच्या तोंडाशी थांबलो. मग त्यांनी मला पाठीवर घेऊन मागच्या वाटेनं घरी आणलं. वाटेत म्हणाले, “घराकडे कोणाक सांगू नको हां.” मला वाटलं, ते स्वतःसाठीच सांगतायत. मोठी झाल्यावर कळलं. पोर होडीवर होती असं कुणाच्या कानावर गेलं असतं, तर नांगर बाबांनी घालवला असं कुणीच म्हटलं नसतं. माझ्या पायगुणानं गेला असं म्हटलं असतं. पुढे कधी जाळं फाटलं, मासा आला नाही, कुणी बुडालं, तर तेही माझ्याच नावावर लागलं असतं. म्हणून ते म्हणत राहिले, मी एकटा होतो, माझ्या हातून गेला. आणि बाबू तांडेल विचारत राहिला, आणि ते हसत राहिले.

मी सांगून संपवलं तेव्हा होडी नुसती डुलत होती. हर्षालीनं मांडीवरची यंत्रं धरून ठेवली होती.

लवू किनाऱ्याकडे बघत होता. “माझो बापूस त्येका जल्मभर चिडवीत रवलो,” तो म्हणाला. मग त्यानं मशीन सुरू केलं.

सेंटरवर आल्यावर हर्षालीनं रीतीप्रमाणे सगळं सामान गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून काढलं. यंत्रं पुसली. फोनवर आमच्या फेरीची रेघ आली होती, वरून खाली आणि खालून वर, मध्ये तळाशी थोडी सपाट. तिनं ती रेघ बोटानं मागेपुढे सरकवली. मग म्हणाली, “पण मावशी, सात मोजलेस हे खरं. साडेदहा आहे हेही खरं. मग मध्ये काय झालं?”

मी तिच्यासमोर उभी राहिले. बाबा दोर मोजायचे तसे दोन्ही हात आडवे केले. उजवा सरळ. डावा ताणला, आणि कोपरात तो जिथे अडायचा तिथे अडवला.

ती माझ्या कोपराकडे बघत राहिली. आजोबांना तिनं पाहिलेलं नव्हतं. वाकडा हात तिनं नुसता ऐकला होता, दुकानातल्या गोष्टीत.

“दोर घेताना बाबू तांडेलचे हात,” मी म्हटलं. “पण समुद्रात बाबांचे स्वतःचेच.”

तिनं फोन उचलला. साडेदहाला सातानं भागलं. फार मोठा हिशेब नव्हता तो, पण तिनं आकडा दोनदा तपासला आणि मग मला दाखवला.

दीड मीटर.

माझ्याकडे बाबांचा एकही फोटो नाही. त्यांचा सदरा नाही, कोयती नाही, होडी तर कधीच गेली. ते किती उंच होते, मला सांगता येत नाही. मी लहान असताना ते मोठे वाटायचे, आणि मी मोठी झाले तेव्हा ते नव्हते. आणि आता हे. एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत, त्यांच्या हातांच्या मध्ये किती जागा होती ते.

“मोज,” मी हर्षालीला म्हटलं.

मी माझे हात पसरले. दोन्ही सरळ. मी ठेंगणी आहे, आईवर गेले. हर्षालीनं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली टेप काढली, एक टोक माझ्या उजव्या मधल्या बोटावर धरलं आणि पाठीमागून डाव्या हाताकडे गेली. टेपेचं पातं माझ्या मानेला थंडगार लागलं. ती डाव्या बोटाशी थांबली. आकडा बघायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

“किती?”

“दीड,” ती म्हणाली. “बरोबर दीड.”

तिनं टेप गुंडाळली. मी तशीच उभी होते.

“मावशी, झालं मोजून. हात खाली घे.”

“घेते,” मी म्हटलं. “जरा थांब.”